असं कुठं झालंय का?

किनाऱ्यावरच्या गावांत मासेमारीवर बोलायला गेले की शेवटी एक प्रश्न हमखास येतो. मालवणजवळच्या एका बैठकीत मागच्या रांगेतल्या आजोबांनी तो विचारला होता : "बाय, ह्यां सगळां खरां. पण असां खंय झालेलां आसा काय?" एकाच समुद्राला लागून असलेली सरकारं एकत्र बसली, मासा सगळ्यांचा मानला आणि त्याच्या पकडीला मिळून लगाम घातला, असं जगात कुठं घडलंय का, असं त्यांना विचारायचं होतं. त्या दिवशी वेळ संपली होती. दोन वाक्यांत काहीबाही सांगून मी उठले, आणि ते मनाला लागून राहिलं. आजोबा, तुम्ही विचारलंत म्हणून आता नीट सांगते.

झालंय. प्रशांत महासागरात, विषुववृत्ताच्या आजूबाजूला. पापुआ न्यू गिनी, सॉलोमन बेटं, मायक्रोनेशिया, मार्शल बेटं, पलाऊ, नाउरू, किरिबाटी आणि तुवालू असे हे आठ देश. पापुआ न्यू गिनी आणि सॉलोमन सोडले तर बाकीचे नकाशावर शोधावे लागतात. नाउरूची सगळी जमीन २१ चौरस किलोमीटर. किरिबाटीची जेमतेम आठशे. पण किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांचा हक्क धरला की त्याच किरिबाटीच्या वाट्याला भारताच्या क्षेत्रफळाहून थोडा जास्तच समुद्र येतो. त्या समुद्रात स्किपजॅक नावाचा ट्यूना फिरतो. आपल्या कुप्याच्याच गोत्रातला, जगभर डब्यात बंद होऊन विकला जाणारा.

हा मासा पकडायला बोटी यायच्या बाहेरच्या : जपान, तैवान, कोरिया, अमेरिका. त्या एकेका देशाशी वेगळा सौदा करायच्या. एकानं जरा जास्त मागितलं की शेजाऱ्याच्या दारात. शंभराची मासळी गेली तर देशाच्या हाती पाच-सहा पडायचे. अमेरिकेचं तेव्हाचं म्हणणं तर असं की ट्यूना भटका मासा, त्याच्यावर कुठल्याच किनाऱ्याचा हक्क नाही. १९८४ मध्ये सॉलोमन बेटांनी आपल्या हद्दीत एक अमेरिकन बोट धरली, तेव्हा अमेरिकेनं त्यांची मासळी घेणंच बंद केलं. एवढासा देश एकटा असता तर तिथंच मोडला असता. पण शेजारची बेटं पाठीशी उभी राहिली आणि १९८७ मध्ये अमेरिकेला सगळ्यांशी मिळून करार करावा लागला. हा प्रसंग मी जिथं जाते तिथं सांगते, कारण नंतरचं सगळं त्या सोबतीवर उभं आहे.

यातल्या सात देशांनी १९८२ मध्येच नाउरूमध्ये एक करार केला होता. तुवालू नंतर आला. पण त्या कराराला दात फुटले ते २००७ मध्ये. त्या वर्षी त्यांनी समुद्रातला दिवस विकायला काढला. वर्षाला आठही देशांत मिळून बोटींनी किती दिवस मासेमारी करायची ते आधी ठरतं, साधारण चाळीस-पंचेचाळीस हजार दिवस. ते आठांत वाटले जातात आणि प्रत्येक देश आपले दिवस बोटवाल्यांना विकतो. कमीत कमी भाव मात्र सगळ्यांचा एकच : २०१२ मध्ये दिवसाला ५,००० डॉलर, २०१५ पासून ८,०००. ८० मीटरपेक्षा लांब बोटीचा एक दिवस दीड धरतात, ५० मीटरच्या आतलीचा अर्धा. आणि या सगळ्या बोटी पर्ससीनच्या, म्हणजे माशांचा अख्खा थवा वेढून घेणाऱ्या मोठ्या जाळ्याच्या, बरं का. ज्या जाळ्याच्या नावानं आपल्याकडे गावंच्या गावं रस्त्यावर येतात, तेच जाळं तिथं दिवस मोजून चालतं.

मला सगळ्यात आवडते ती पुढची गोष्ट. एल निनोच्या वर्षी तिथलं गरम पाणी पूर्वेला सरकतं आणि मासाही मागोमाग जातो. मग किरिबाटीकडे मासा भरपूर आणि दिवस कमी, पापुआ न्यू गिनीकडे दिवस पडून. अशा वेळी हे देश आपसांत दिवसांची देवघेव करतात. मासा शेजारी गेला म्हणून कोणी हात चोळत बसत नाही.

त्यांच्या पाण्यानं वेढलेले, पण कायद्यानं कोणाचेच नसलेले समुद्राचे दोन तुकडे होते. बोटी तिथं शिरून हवं तेवढं ओढायच्या. आठ देशांनी सांगितलं, तिथं जाळं टाकाल तर आमच्या पाण्याचा परवाना विसरा. बाहेरच्या पाण्यावर त्यांची सत्ता नव्हती, पण परवाना त्यांच्या हातात होता. २०१० पासून पर्ससीनच्या प्रत्येक बोटीवर निरीक्षक ठेवायचा नियमही आला. उत्पन्न म्हणाल तर २०१० च्या सुमाराला मिळून सहा कोटी डॉलर होतं, ते दहा वर्षांच्या आत पन्नास कोटींच्या आसपास गेलं.

सगळं गोड नाही तिथं. दिवस कसे वाटायचे यावर वर्षानुवर्षं वाद झाले. आज जाळं टाकलंच नाही, मग दिवस कशाला धरता, असं सांगून दिवस वाचवायची खटपट बोटवाले करतात. आणि बोटींवर गेलेले काही निरीक्षक परत आले नाहीत. त्यांच्या घरच्यांचा विचार आला की पन्नास कोटींचा आकडा माझ्या तोंडून सहज निघत नाही.

आता आपल्याकडे. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतची मासेमारी राज्याच्या अखत्यारीत, त्यापुढची केंद्राच्या. बांगडा आणि तारली कर्नाटक, गोवा, सिंधुदुर्ग असं काही न बघता फिरतात. आपण काय करतो? परराज्यातला ट्रॉलर दिसला की गस्तीनौका बोलावतो. ती येईपर्यंत तो गेलेला असतो. सापडलाच तर दंड होतो, चार दिवस बातम्या येतात, पुन्हा तेच. गस्त हवीच, रात्री प्रखर दिवे लावून मासा गोळा करणाऱ्या एलईडीवाल्यांना दंडही हवा. पण चोवीस तास गस्त घातली तरी शेजारच्या पाण्यात काय पकडलं जातं ते आपल्या हातात येत नाही.

मागच्या हंगामात रापण, म्हणजे सगळ्यांनी मिळून किनाऱ्यावरून ओढायचं जाळं, ओढून झाल्यावर मी वाळूत उकिडवी बसून टोपलीतल्या बांगड्यांना पट्टी लावत होते. अकरा सेंटिमीटर. साडेअकरा. पुन्हा अकरा. गाबोळी, म्हणजे पोटात अंडी, धरायच्या कितीतरी आधीच ते टोपलीत आलेले. शेजारी उभी असलेली पाटीवाली म्हणाली, "ताई, मोजून काय मोठे होणार आहेत?" केरळनं २०१५ पासून मासळीच्या कमीत कमी आकाराचे नियम केले, महाराष्ट्रानं २०२३ मध्ये ५४ जातींसाठी केले. चांगलं केलं. पण इथं नको म्हटलेली बारीक मासळी शेजारच्या बंदरात उतरून मासेकुटीला, म्हणजे खता-खाद्याच्या भुकटीला, गेली, तर इथं सोडलेला मासा फक्त दुसऱ्याच्या जाळ्यात जातो.

एक गोष्ट मात्र आपण मिळून केलेली आहे. पावसाळी बंदीची दर राज्याची तारीख पूर्वी वेगळी असायची. केंद्राच्या पाण्यात आता सगळ्या पश्चिम किनाऱ्याला १ जून ते ३१ जुलै बंदी आहे. २०१५ मध्ये ती ४७ दिवसांवरून ६१ दिवसांवर गेली. केरळच्या हद्दीत ट्रॉलर अजूनही ५२ दिवसच बंद राहतात, तेवढी फट आहे. तरी एकसष्ट दिवस ठरवता आले, तर उरलेल्या तीनशे चार दिवसांवर का बोलता येऊ नये? महाराष्ट्र, गोवा आणि कर्नाटक, निदान या तिघांनी पर्ससीनचे दिवस आणि बांगड्याचा आकार मिळून ठरवावा. कुठल्या बोटीनं कुठल्या बंदरात काय उतरवलं याची वही तिघांनाही दिसावी. यासाठी नवा समुद्र शोधायचा नाहीये.

त्या बैठकीत दुसऱ्या एकानं विचारलं होतं, "मग आमचो वाटो कोणी ठरवूचो?" याचं उत्तर प्रशांत महासागरातून आणता येणार नाही. तिथं प्रत्येकाच्या पाण्यात मासा किती आणि आजवर पकडला किती, यावरून दिवस वाटतात. तो हिशोब इथं लावला, तर ज्यांनी जास्त ओरबाडलं त्यांनाच जास्त मिळेल आणि रापणवाल्याच्या हाती काही राहणार नाही. मला ते मान्य नाही. वाटा ठरवताना रापणवाला तिथं बसलेला हवा.

आणि वाटे करणं तुम्हाला कोणी शिकवायला नको. रापण वर आली की जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, ओढणाऱ्यांचे वाटे, सगळं तिथंच वाळूत, सगळ्यांच्या देखत होतं. लहानपणी माझे वडील वाटे घालायचे आणि मी टोपल्या मोजायची.

आजोबा, नारळी पौर्णिमेनंतर मी पुन्हा येतेय. या वेळी गोव्याचे आणि कारवारचे दोघे-तिघे रापणकार सोबत येतील म्हणालेत. तुम्ही पुढच्या रांगेत बसा, आणि तुमच्या संघात वाटे कसे घालतात ते त्यांना तुम्हीच सांगा.