खुर्च्या परत गेल्या, पण पोच मिळेना

विधानसभेची आचारसंहिता १५ ऑक्टोबर २०२४ला लागली. दिवाळी झाल्यावर एका संध्याकाळी वसईतल्या आमच्या चर्चच्या अंगणात टेम्पो आला. आत प्लास्टिकच्या खुर्च्या, प्रत्येकीच्या पाठीवर उमेदवाराचं नाव. सोबत निरोप : रविवारच्या मिस्सेनंतर, म्हणजे सामूहिक उपासनेनंतर, साहेब दोन शब्द बोलतील.

मी धर्मग्राम परिषदेची, म्हणजे आमच्या चर्चचा कारभार बघणाऱ्या मंडळाची, सचिव. रात्रीच बैठक बसली. "हॉलला खुर्च्या लागतातच, आल्यात तर राहू द्या," म्हणणारेही होते. फादर मात्र ठाम होते. साहेबांनी मिस्सेला जरूर यावं, इतरांसारखं बाकावर बसावं, पण माईक मिळणार नाही. ठराव झाला आणि सकाळी खुर्च्या गेल्या. (परत पाठवताना टेम्पोवाल्याची सही घ्या. आम्ही घेतली, ती फार कामी आली.)

तोवर खुर्च्यांचा फोटो 'चर्च आपल्यासोबत' अशा ओळीसकट व्हॉट्सअ‍ॅपवर फिरू लागला होता. म्हणून आम्ही भेट नाकारली आहे आणि कुणालाही पाठिंबा दिलेला नाही, याची सरकारी नोंद हवी होती. पत्र घेऊन निवडणूक कार्यालयात गेले.

"तक्रार आहे का?" टेबलावरच्या गृहस्थांनी विचारलं.

"तक्रार नाही, माहिती द्यायची आहे."

"परवानगी हवीय?"

"नको."

"मग मॅडम, हे पत्र लावू कुठल्या फायलीला?"

त्यांनी परवानग्यांच्या खिडकीकडे पाठवलं. तिथून सी-व्हिजिलवर, म्हणजे आचारसंहिताभंगाची तक्रार करायच्या निवडणूक आयोगाच्या अ‍ॅपवर, टाका म्हणाले. त्या अ‍ॅपमध्ये फोटो जागेवरच काढावा लागतो, मोबाइलमधला जुना चालत नाही. खुर्च्या तर केव्हाच गेलेल्या. हे सांगितल्यावर पोलीस ठाण्यात जा म्हणाले. ठाण्यात उत्तर मिळालं, निवडणुकीचं आहे ना, मग तिकडेच द्या. पुन्हा पहिलं टेबल. तिथले अधिकारी दौऱ्यावर. पत्र ठेवून जा म्हणाले, पण पोच देईनात. पोच नसलेलं पत्र दिलं काय आणि नाही दिलं काय! खरं सांगते, आजही ते टेबल आठवलं की संताप होतो. पैसे घेऊन गप्प बसलेल्यांना कुणी काही विचारत नव्हतं. ज्यांनी घरी चालून आलेली भेट परत केली, त्यांनाच या दारातून त्या दारात फिरवलं जात होतं. आणि इकडे फोटो फिरतच होता, नात्यातल्या माणसांचेही फोन येत होते : "काय गं, किती घेतले?"

शेवटी धर्मग्रामातल्या एका वकिलांनी वाट दाखवली. आदर्श आचारसंहितेतच लिहिलंय की मशिदी, चर्च, मंदिरं किंवा इतर प्रार्थनास्थळं प्रचाराचं व्यासपीठ म्हणून वापरायची नाहीत. शिवाय धार्मिक संस्थांचा गैरवापर रोखणारा १९८८चा कायदा आहे. संस्थेची जागा किंवा पैसा राजकीय कामाला वापरला, तर पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड. अशा गैरवापराची माहिती पोलिसांना देणं व्यवस्थापनावर बंधनकारक आहे. म्हणजे आम्ही मेहेरबानी मागत नव्हतो, कर्तव्य करत होतो. पत्राचा विषयच बदलला : 'सदर कायद्यान्वये माहिती सादर करणेबाबत'. ठाण्यात त्याच दिवशी आवक क्रमांक पडला. तो दाखवल्यावर निवडणूक कार्यालयानेही शिक्का मारला. आवक क्रमांक हाती आला तेव्हा मला रडू आवरलं नाही.

शिक्क्याची प्रत सूचनाफलकावर लावली आणि मिस्सेनंतर वाचून दाखवली. २० नोव्हेंबरला मतदान करा, मतासाठी काही घेऊ नका, एवढंच फादर बोलले. पक्षाचं नाव नाही, चिन्हाची सूचक गोष्टही नाही. काहींना वाटतं फादरांनी उघड बाजू घ्यावी. मला ते मुळीच पटत नाही. धर्मगुरूंनी पक्षकार्यात सक्रिय भाग घेऊ नये, असं ख्रिस्तसभेचा, म्हणजे कॅथलिक चर्चचा, स्वतःचा कायदाही सांगतो. एकाच बाकावर वेगवेगळ्या पक्षांना मत देणारी माणसं बसतात, आणि कम्युनियन, म्हणजे मिस्सेतला पवित्र प्रसाद, सगळे एकाच हातून घेतात.

एक राहिलं. पत्राच्या दोन प्रती न्या, दोन्हींवर फादरांची सही आणि धर्मग्रामाचा शिक्का हवा. ठरावाची नक्कलही जोडा. आणि टेम्पो आला की तो दारात असतानाच सी-व्हिजिल अ‍ॅपमधून फोटो काढा, म्हणजे तो रस्ताही उघडा राहतो.