पाच आरोपी, दोन अंधारात

रिमांड रिपोर्ट (कोठडी मागताना पोलीस कोर्टात देतात तो कागद) हातात आला की आधी आरोपींची संख्या पाहायची. जानेवारीतल्या त्या रविवारी कोर्टासमोर तीन जण उभे होते आणि कागदावर मात्र पाच. ‘उर्वरित दोन इसम अंधाराचा फायदा घेऊन पसार झाले.’ हे वाक्य हवेतून येत नाही. दरोडा व्हायला कायद्याला किमान पाच माणसं लागतात. चौघांनी जबरी चोरीची नुसती तयारी केली तर तो गुन्हाच होत नाही, पण पाच जणांनी दरोड्याची तयारी केली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१०(४) खाली दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे. हातात तीनच असले की उरलेले दोघे अंधार पुरवतो.

जप्ती पंचनाम्यात दोन कोयते, नायलॉनची दोरी, कटावणी, बॅटरी आणि कागदाच्या पुडीत मिरचीपूड. मिरचीपूड असतेच. तिघेही पारधी, रात्री शेताची राखण आणि दिवसा ऊसतोड करणारे. हंगाम भरात असताना ऊसतोड्याकडे कोयता नसता तर ते संशयास्पद ठरलं असतं. दोरीवर तर त्यांचं राहण्याचं पाल उभं असतं.

मी विधी सेवा प्राधिकरणाकडून नेमलेली रिमांड वकील. सुट्टीच्या कोर्टात सकाळी साडेदहाला पोचले आणि कोर्टासमोर आणण्याआधी तिघांना भेटू द्या म्हणून अर्ज दिला. भेट पोलिसांच्या कानाआड व्हावी लागते, नजरेआड नसली तरी चालते. तिथे ‘मारलं का?’ असं विचारायचं नाही. हवालदार दहा फुटांवर असताना त्याचं उत्तर ‘नाही’ असंच येतं. ‘कुठे दुखतंय? चालताना त्रास होतो का? शेवटचं कधी जेवलात?’ असं विचारायचं. एकाने पाय टेकवताना तोंड वाकडं केलं. त्याचे तळवे सुजलेले होते.

वैद्यकीय दाखले तीन. पहाटे ५.०५, ५.०६ आणि ५.०७. तिन्हींवर ‘कोणतीही जखम नाही’. एका मिनिटात कपडे काढून माणूस तपासता येत नाही, हे सांगायला डॉक्टर व्हावं लागत नाही. तळव्यांवरचा मार वरून दिसत नाही आणि त्याचा वळ उतरत जातो, म्हणून फेरतपासणी त्याच दिवशी मागावी लागते. मी दंडाधिकाऱ्यांना एवढीच विनंती केली, की तळवे आपण स्वतः पाहावेत आणि जे दिसेल ते कोर्टाच्या रोजनाम्यात लिहावं. त्यांनी पाहिले आणि लिहिलं. पुढच्या सगळ्या कागदांत मला सर्वांत उपयोगी पडल्या त्या या दोन ओळी.

वेळेचा हिशेब त्याहून महत्त्वाचा होता. पोलिसांच्या भाषेत ‘उचलणं’ आणि ‘अटक दाखवणं’ या वेगळ्या क्रिया आहेत. रिपोर्टप्रमाणे छापा रविवारी पहाटे १.२० ला आणि अटक ३.३० ला. बायका सांगत होत्या, शुक्रवारी दिवेलागणीला पालावरून नेलं. तोंडी सांगणं टिकत नाही. पण एकीने शुक्रवारी संध्याकाळी ७.०४ ला ११२ वर फोन केला होता आणि तो तिच्या मोबाईलमध्ये दिसत होता. ११२ च्या फोनची नोंद पोलिसांच्याच यंत्रणेत राहते. कोर्टात उभं राहीपर्यंत चाळीस तासांच्या वर गेले होते, कायद्याची मुदत चोवीस तासांची. माणसाच्या हालचालीवर बंधन आलं तिथून अटक सुरू होते, अधिकाऱ्याने लिहिलेल्या वेळेपासून नाही, हे मुंबई उच्च न्यायालयाने १९९० मध्येच सांगून ठेवलं आहे.

मग व्हिडिओ. जप्तीचं चित्रीकरण नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ ने बंधनकारक केलं आहे. व्हिडिओ होता, ३ मिनिटं ४० सेकंदांचा. सुरुवातीलाच कोयते, दोरी, पुडी गोणपाटावर ओळीने मांडलेली. कुणाच्या अंगावरून काय निघालं ते कुठेच नाही. चित्रीकरण आहे म्हणून पुरावा आहे, असं समजायचं नसतं. ते कुठल्या क्षणी सुरू झालं हे पाहायचं.

अटकेची कारणं लेखी द्यावीच लागतात, आरोपीला कळेल त्या भाषेत आणि रिमांडच्या किमान दोन तास आधी. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्याच एका प्रकरणात ते पक्कं केलं. आमच्या तिघांना कागद वेळेत मिळाला होता. त्यावर लिहिलं होतं, ‘आरोपी हे पारधी समाजाचे असून सराईत गुन्हेगार आहेत.’ जात हे कारण म्हणून लिहिलेलं होतं, तेही सहीशिक्क्यासह. ‘सराईत’चा हिशेब मागितला तेव्हा एकावर एक जुना गुन्हा निघाला, तोही निर्दोष सुटलेला. दुसऱ्यावर काही नाही. तिसऱ्याच्या नावावरचे गुन्हे दुसऱ्याच तालुक्यातल्या माणसाचे. काळे, भोसले, पवार, चव्हाण अशी मोजकी आडनावं फिरत असली की नुसत्या नावावरून रेकॉर्ड जुळवणं किती सोपं होतं, हे त्या दिवशी स्वच्छ दिसलं. जन्मतारीख आणि बोटांचे ठसे ताडून पाहायला अर्धा तास लागला असता.

हे एखाद्या वाईट फौजदाराचं काम नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने गुन्हा रक्तात असतो असं ठरवलं, माणसांना हजेरी लावायला लावली, पुढे सोलापूरला तारेच्या कुंपणात ठेवलं. ३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा गेला, पण नोंदवहीतली सवय राहिली. ती काय करू शकते ते जालन्याच्या खटल्यात दिसलं. भोकरदनजवळच्या २००३ च्या दरोडा, खून आणि बलात्कार प्रकरणात भटक्या जमातीच्या सहा जणांना फाशी झाली, उच्च न्यायालयाने तिघांची जन्मठेपेवर आणली, पण २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशीच दिली आणि त्याच न्यायालयाने मार्च २०१९ मध्ये सहाही जणांना निर्दोष सोडलं. वाचलेल्या साक्षीदार बाईने पोलिसांच्या फोटोंतून आधी दुसऱ्याच चौघांना ओळखलं होतं आणि त्या चौघांचा तपासच झाला नव्हता. प्रत्येकी ५ लाख भरपाई. सोळा वर्षांची.

ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विमुक्त (म्हणजे त्या जुन्या कायद्यातून सुटलेल्या) जमातींच्या लोकांना मनमानी अटक होऊ नये असं पोलिसांना बजावलं. त्याच वर्षीच्या मे मधल्या एका निकालात, केवळ मागास समाजातला आहे म्हणून कुणाचं नाव हिस्ट्रीशीटवर (पोलिसांच्या सराईतांच्या नोंदीत) यांत्रिकपणे चढवू नये आणि वरिष्ठ अधिकाऱ्याने या नोंदी ठरावीक काळाने तपासाव्यात, असं म्हटलं आहे. सुधारणा व्हायची तर या तपासणीपासून. कारणांच्या कागदावर आणि प्रेसनोटमध्ये जात लिहिणाऱ्याला लेखी खुलासा मागावा. पोलिसांविरुद्धचं तक्रार प्राधिकरण सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये जिल्हा पातळीवरही सांगितलं होतं, महाराष्ट्राच्या पोलीस कायद्यातल्या २०१४ च्या दुरुस्तीत ते विभागाला गेलं. रोजंदारी बुडवून पालावरची बाई तिथवर जाणार कशी?

पोलिसांनी सात दिवसांची कोठडी मागितली होती. मिळाली नाही. तिघे न्यायालयीन कोठडीत गेले, जिल्हा रुग्णालयात फेरतपासणीचा आदेश झाला आणि ठाण्याचं सीसीटीव्ही शुक्रवार संध्याकाळी सहापासून जपून ठेवायला सांगितलं. ते मागताना कॅमेऱ्यांची जागा लिहून द्यावी लागते (गेट, कोठडी, व्हरांडा), नाहीतर फक्त गेटचं येतं. साठवण १८ महिन्यांची असावी असा २०२० चा आदेश आहे, तरी अर्ज पहिल्याच दिवशी टाकलेला बरा.

सत्र न्यायालयातून बाराव्या दिवशी जामीन झाला. मग जामीनदार. सातबारा कुणाकडे नाही, घरपट्टीची पावती नाही, पाल ज्या बांधावर तो मालकाचा. जामीन होऊन सात दिवसांत सुटका झाली नाही तर तुरुंग अधीक्षकाने विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं असतं. कळवलं आम्हीच. शेवटी वैयक्तिक जातमुचलक्यावर सुटले, तोवर मुकादमाने टोळीत दुसरी माणसं घेतली होती.

दोषारोपपत्र आलं आहे. आरोपी क्रमांक ४ आणि ५ पुढे ‘फरार’ असं लिहिलं आहे. नाव, वय, वर्णन हे रकाने कोरे आहेत.