तुम्ही विचारलंत म्हणून: मी तिची बाजू का घेते

दर वेळी तुम्ही विचारता आणि दर वेळी मी चहाचे कप गोळा करायला उठते. या खेपेला लिहूनच टाकते.

आपल्या दहा-बारा जणांच्या सिनेमा मंडळात ‘द अम्ब्रेलाज ऑफ शेरबुर’ हा फ्रेंच सिनेमा आतापर्यंत तीनदा लागला. तीनही वेळा गाडी एकाच स्टेशनावर अडकली. छत्र्यांच्या दुकानातली सतरा वर्षांची जनव्हिएव, गॅरेजात काम करणारा गी. नोव्हेंबर 1957 मध्ये त्याला सक्तीच्या लष्करी नोकरीवर अल्जीरियाला, म्हणजे फ्रान्सच्या ताब्यातल्या मुलखात, जावं लागतं, ती गरोदर राहते, पत्रं विरळ होतात, आणि पुढच्या उन्हाळ्याच्या आत ती हिऱ्यांच्या व्यापाऱ्याशी लग्न करून मोकळी होते. मग तुमचा प्रश्न: थांबली का नाही? आणि लगेच दुसरा, माझ्याकडे बघून: तुम्ही सातारकडच्या, घरटी एक फौजी असलेल्या गावच्या, तुम्ही तिची बाजू कशी घेता?

आधी थोडं भांडून घेते. ‘पाच-सहा महिनेच तर!’ असं म्हणणाऱ्यांनी कधी पोस्टमनची वाट बघितली आहे का? फ्रान्समध्ये कायद्यानं 18 महिन्यांची असलेली सक्तीची नोकरी त्या काळात 27-28 महिन्यांपर्यंत ताणली जायची. सरकार त्याला युद्धही म्हणत नव्हतं. सुव्यवस्था राखण्याचं काम चाललंय, एवढंच. फ्रान्सच्या कायद्यात अल्जीरियाचं ‘युद्ध’ लिहिलं जायला 1999 उजाडलं. जे युद्धच नाही, त्यात अडकलेल्या माणसाची काळजी करायची तरी कुठल्या तोंडानं? आमच्याकडून 1987 मध्ये पोरं श्रीलंकेला गेली, तेव्हा त्या फौजेचंही नाव शांतिसेना होतं. गावात बायका एकमेकींना सांगायच्या, ‘शांततेसाठीच गेलेत की.’

हो, माझाही एक तिथं होता. सुपारी फुटली होती. मी एकोणीस वर्षांची, तो तेवीसचा. आम्ही जेमतेम चारदा भेटलो असू, तेही घरच्यांच्या देखत. माझ्याजवळ त्याचा एकच फोटो होता, बेळगावच्या स्टुडिओतला. मागं रंगवलेला धबधबा, अंगात कडक इस्त्रीचा युनिफॉर्म, गालांवर स्टुडिओवाल्यानं वरून भरलेला गुलाबी रंग. तो मी वहीत ठेवायचे आणि दिवसातून दहादा बघायचे. वर्ष-सव्वा वर्ष.

सुट्टी मंजूर झाल्याचं पत्र आलं. पुण्याहून येणाऱ्या एसटीनं तो साताऱ्यात उतरणार होता. धाकट्या भावाला बरोबर घेऊन जा, म्हणून परवानगी मिळाली. अबोली रंगाची साडी होती, काकीची. दोन गाड्या आल्या नि गेल्या. तिसरी लागली तशी दाराशी झुंबड उडाली. उतरणाऱ्या प्रत्येकाकडे मी टाचा उंचावून बघत होते. तेवढ्यात एक माणूस माझ्यासमोर येऊन उभा राहिला. काळाठिक्कर पडलेला, गळ्याची घाटी वर आलेली, एका हातात काळी ट्रंक, खांद्यावर होल्डॉल. त्याच्यामुळे मला गाडीचं दार दिसेना. मी म्हटलं, ‘जरा बाजूला व्हा की.’

तो बाजूला झाला.

खरंच झाला हो. ट्रंक उचलून दोन पावलं सरकला आणि उभा राहिला. मी अजून दाराकडेच बघतेय. गाडी रिकामी झाली, कंडक्टर वेबिल घेऊन उतरला, मी भावाला म्हटलं, ‘आला नाही रे.’ तेव्हा भाऊ माझ्या मागं बघून ओरडला, ‘दाजी!’

ट्रंकेवर पांढऱ्या रंगात त्याचं नाव होतं. तेही मी वाचलं नव्हतं.

तो हसला. रसाच्या गाड्यावर आम्हाला रस पाजला, भावाला दुसरा ग्लास. आणि ग्लास खाली ठेवताना सहज म्हणाला, ‘तिथं नाक्यावर आम्हीपण दिवसभर लोकांना हेच म्हणतो. बाजूला व्हा.’ पुढं सुट्टीभर तो विषय त्यानं काढला नाही. मीही नाही. माफी मागायला हवी होती, हे मला आज कळतं असं नाही, तेव्हाही कळत होतं.

तो परत गेल्यावर चार महिन्यांनी मी वडलांना नाही म्हणून सांगितलं. फोटो मामांच्या हाती परत पाठवला.

आता सिनेमाकडे या. शेरबुरच्या त्या दुकानात ती मुलगी आईला सांगते, की गीची आठवण काढली की हा फोटोच डोळ्यांसमोर येतो, त्याचा खरा चेहरा विसरायला झालाय. पुढं स्वतःलाच विचारते, मी तर त्याच्यासाठी मरणार होते, मग मेले कशी नाही? सगळे संवाद गाण्यात, मिशेल लग्रांचं ते संगीत, म्हणून तुम्हाला तिथं नुसतं गोड वाटत असेल. मला तिथं एसटी स्टँड दिसतो.

पण सरळ सांगायचं तर 1994 मध्ये पुण्यात हा सिनेमा पहिल्यांदा बघितला, तेव्हा चर्चेत सगळ्यांत मोठ्यानं मीच तिला शिव्या दिल्या होत्या. ‘हिरे बघितले आणि भुलली.’ शेजारी नवरा बसला होता. बँकेतला, पुण्यात फ्लॅट असलेला. ते स्थळ माझ्या नकाराच्या आधी आलं होतं की नंतर, हे तुम्ही विचारलं नाहीत, बरं झालं. साधारण त्याच सुमारास आलं होतं.

म्हणजे चेहऱ्याचं निमित्त की फ्लॅटचं? तेव्हाच्या मला विचारलं तर ती म्हणेल, नाटकं करू नकोस. आताची मी म्हणते, दोन्ही खरं असू शकतं. मग ती म्हणते, हे वाक्य तुला आत्ता सोयीचं आहे. यावर माझ्याकडे उत्तर नाही.

तो फौजी 1990 मध्ये धडधाकट परत आला, हे मात्र नोंदवून ठेवा. संसार झाला, हवालदार होऊन निवृत्त झाला. माझ्यामुळे कुणाचं वाटोळं झालं नाही. (बघा, पुन्हा स्वतःची बाजू मांडायला लागले.)

मागच्या वेळी तुमच्यातल्या एकीनं जाता जाता विचारलं होतं, चेहरा आता तरी आठवतो का? फोटोतला अजिबात नाही. धबधबा आठवतो, गुलाबी रंग आठवतो, मधे काहीच नाही. स्टँडवरचा आठवतो. ट्रंक उचलून दोन पावलं सरकलेला.