जाड बाईची हाडं मजबूत असतात का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. "मॅडम, मी इतली जाडी शे, मना हाडे कसाले ठिसूळ व्हतीन?" जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा-यावल भागातून दवाखान्यात येणाऱ्या चाळिशी-पन्नाशीच्या बाया हे नेहमी विचारतात. सोबत काटकुळी जाऊ असली की तिचा चेहरा लगेच उतरतो.

जाड बाईच्या हाडांची घनता सरासरीनं जास्त भरते, हे खरं आहे. रोजचं वजन पेलताना हाड स्वतःला बळकट करत जातं. शिवाय पाळी गेल्यावरही अंगावरच्या चरबीत थोडं इस्ट्रोजेन तयार होत राहतं, आणि हे संप्रेरक हाडांची झीज रोखून धरतं. म्हणून जाड बायांमध्ये खुब्याचं हाड मोडण्याचं प्रमाण कमी दिसतं. घोट्याचं मात्र त्यांच्यातच जास्त मोडतं. आणि साखर असेल तर घनतेच्या आकड्यावर मुळीच विसंबू नका. मधुमेहात आकडा चांगला येतो, तरीही हाड मोडतं, कारण आतली वीण कमजोर झालेली असते.

आता त्या काटकुळ्या जावेचं. घनता मोजतात ती डेक्सा यंत्रावर, कंबरेच्या मणक्यांची आणि खुब्याची. आकडा येतो दर चौरस सेंटिमीटरला इतके ग्रॅम असा. म्हणजे यंत्राला हाडाची लांबी-रुंदी दिसते, जाडी दिसत नाही. मार्केट यार्डातली गोण्यांची थप्पी समोरून पाहिली तर मागे किती रांगा आहेत ते कळत नाही, तसंच हे. त्यामुळे पावणेपाच फुटी, लहान चणीच्या बाईचं हाड आतून ठीक असलं तरी आकडा थोडा कमीच येतो. अहवाल वाचताना तिची उंची आणि वजन समोर हवंच. पण म्हणून बारीक बाईनं गाफील राहू नये. उंचीच्या मानानं वजन फारच कमी असेल तर धोका खरोखर जास्त असतो, कारण तिच्याकडे मुळातली शिल्लकच थोडी असते.

ही शिल्लक साठते विशी-पंचविशीपर्यंत, जास्तीत जास्त तिशीपर्यंत. वयात येण्याची चार-पाच वर्षं त्यात सगळ्यात मोलाची. नेमकं त्याच वयात घरात दुधाचा पेला मुलाच्या हातात जातो आणि मुलीला चहा मिळतो, याचा मला फार राग येतो. बाळ अंगावर पीत असताना हाडांतून थोडं कॅल्शियम जातं, पण पिणं सुटल्यावर ते बहुतेक भरून येतं. खरी घसरण लागते ती पाळी जाताना. आपल्याकडे ती सरासरी ४६-४७ व्या वर्षी जाते. त्यानंतरच्या पाच-सात वर्षांत हाडांचा दहा ते वीस टक्के भाग जाऊ शकतो. पुढे झीज चालूच राहते, फक्त वेग मंदावतो.

म्हणून मी वजनाच्या आधी विचारते, "पाळी कधी गेली? पिशवी काढली का? सोबत अंडाशयंही काढली का?" पस्तिशी-अडतिशीत दोन्ही अंडाशयं काढलेल्या बाईची घसरण त्याच दिवशी सुरू होते, मग ती जाड असो की बारीक. ऑपरेशनचा कागद जपून ठेवा. अंडाशयांचं काय केलं हे बऱ्याच जणींना कुणी सांगितलेलंच नसतं.

दुसरा प्रश्न परकराचा. "जुना परकर आता पायात येतो का?" कितीतरी जणी हसून हो म्हणतात. उंची चार सेंटिमीटरहून जास्त घटली असेल तर एखादा मणका गुपचूप दबलेला असू शकतो. कंबरेत उसण भरली म्हणून तेल चोळलेलं असतं, एक्स-रे काढलेलाच नसतो.

शिबिरात टाच यंत्रात ठेवून जी चिठ्ठी मिळते, तिच्यावर रडू नका आणि औषधही सुरू करू नका. हाडं ठिसूळ झाली हे ठरवणारी उणे २.५ ची रेषा (तरुण निरोगी बाईच्या सरासरीशी तुलना करून येणारा आकडा) जागतिक आरोग्य संघटनेनं १९९४ साली ठरवली, ती डेक्सासाठी आहे, टाचेच्या यंत्राला ती लागू होत नाही. पासष्टीपुढच्या प्रत्येकीनं डेक्सा करावी. पाळी लवकर गेली असेल, साध्या पडण्यानं मनगट मोडलं असेल, आईचा खुबा मोडला असेल किंवा स्टिरॉइडच्या गोळ्या फार काळ चालू असतील, तर त्याआधीच.

खाण्याचं विचाराल तर केळी आपल्या जिल्ह्याची शान असली तरी कॅल्शियम त्यात नावापुरतंच. ज्वारीच्या भाकरीतही थोडंच. दिवसाला हजार मिलिग्रॅम लागतं आणि दोनशे मिली दुधात ते साधारण २४० असतं. दूध, दही, ताक, तीळ, नाचणी यांतूनच ते भरून काढावं लागेल. पंचेचाळीस अंशांचं ऊन असूनही ड जीवनसत्त्व कमी निघतं, कारण आपण उन्हात तोंड-हात झाकूनच निघतो. कोवळ्या उन्हात ते फारसं तयार होत नाही. तपासणीत कमी आलं तर डॉक्टरांना विचारून गोळी घ्या.

राहिलं वजनाचं. हाडांसाठी म्हणून चरबी राखून ठेवू नका, गुडघे आणि साखर दोन्ही बिघडतील. कमी करा, पण उपास करून झपाट्यानं नको, त्यात हाडही झिजतं. डाळ-अंडी खात, रोज भरभर चालत, हातात पाण्याच्या भरलेल्या बाटल्या घेऊन व्यायाम करत, हळूहळू उतरवा.