बुधासाठी पश्चिमेकडे: मार्च २०२५ ची एक संध्याकाळ

८ मार्च २०२५ ला बुधाचा परम इनापगम होता, म्हणजे त्या दिवशी तो सूर्यापासून १८ अंश पूर्वेला, या फेरीतला सर्वांत लांब दिसणार होता. सूर्याच्या पूर्वेला असलेला ग्रह सूर्यामागून मावळतो, म्हणून तो संध्याकाळी पश्चिमेला दिसतो. अॅपमध्ये, दिनदर्शिकेत हीच तारीख ठळक असते आणि लोक नेमके त्याच दिवशी निघतात. आम्ही मुद्दाम दोन दिवस आधीची संध्याकाळ धरली. संध्याकाळचा बुध परम इनापगमाच्या आधी जास्त तेजस्वी असतो, कारण तेव्हा त्याचा उजळलेला भाग आपल्याकडे जास्त वळलेला असतो. पुढे त्याची कोर होत जाते, आणि आठवड्याभरात तो इतका मंदावतो की संधिप्रकाशात शोधूनही सापडत नाही. पहाटेच्या बुधाचं सगळं उलट. तिथे परम इनापगम उलटल्यानंतरचे दिवस चांगले.

तारीख ठरायला पाच मिनिटं लागली. जागेवर मात्र बराच खल झाला. शुक्र किंवा गुरू गच्चीवरून दिसतो, बुधाला पश्चिम क्षितिज अगदी तळापर्यंत मोकळं लागतं. आकाश तासाला १५ अंश फिरतं, म्हणजे चार मिनिटांना एक अंश. पश्चिमेला पाच अंश उंचीचा डोंगर असला तर शेवटची निदान वीस मिनिटं त्याने खाल्लीच म्हणून समजा, आणि बुधाच्या बाबतीत हाताशी असते जेमतेम अर्ध्या-पाऊण तासाची संधी. त्यामुळे जागा दिवसाउजेडी बघून ठेवा. हात पूर्ण लांब करून धरलेली मूठ साधारण दहा अंश, मधली तीन बोटं पाच अंश, करंगळी एक अंश. पश्चिमेची झाडं-डोंगर तीन बोटांच्या वर जात असतील तर दुसरी जागा शोधा. आम्ही निवडलेल्या पठाराची पश्चिम कड सरळ दरीत उतरते. उंचीचा आणखी एक फायदा म्हणजे धुरकट हवेचा थर बराचसा पायाखाली राहतो.

नेमकं कुठे बघायचं हे स्टेलेरियममध्ये आधीच पाहून ठेवलं होतं. आकाशाचा नकाशा दाखवणारं हे सॉफ्टवेअर संगणकावर फुकट मिळतं. त्यात आपलं ठिकाण आणि तारीख घाला, वेळ सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाची ठेवा आणि ग्रहाची उंची व दिगंश, म्हणजे दिशेचा कोन, लिहून घ्या. दिगंश उत्तरेपासून पूर्वेकडून मोजतात, त्यामुळे पश्चिम म्हणजे २७०. बुध त्या संध्याकाळी जवळजवळ थेट पश्चिमेला येणार होता. फोनच्या होकायंत्रावर माझा फारसा भरवसा नाही, गाडीजवळ उभं राहिलं की ते हमखास भरकटतं. त्यापेक्षा सूर्य कुठल्या झाडामागे किंवा सुळक्यामागे बुडाला ते लक्षात ठेवा आणि तिथून मुठीने मोजा.

सूर्यास्तानंतर दहा-बारा मिनिटांत शुक्र दिसला. त्याला शोधावं लागतच नाही. बुध त्याच्या खाली डावीकडे तिरपा, मुठीपेक्षा थोड्या कमी अंतरावर असायला हवा होता. दुर्बिणीत तो आधी आला, नुसत्या डोळ्यांना त्यानंतर काही मिनिटांनी. एकदा दिसला की 'हा तर केव्हापासून इथेच होता' असं वाटतं. रंग किंचित गुलाबीसर, पण तो रंग बुधाचा नसून क्षितिजाजवळच्या हवेचा. तो लुकलुकतोही, त्यामुळे 'ग्रह लुकलुकत नाहीत' हा शाळेतला नियम इथे विसरा. इतक्या खाली प्रकाशाला हवेचा फार जाड थर ओलांडावा लागतो.

दुर्बीण १०×५० किंवा ७×५० (म्हणजे दहा किंवा सात पट मोठं दाखवणारी, ५० मिलिमीटर भिंगाची) पुरेशी आहे. दोन गोष्टी मात्र कटाक्षाने पाळा. सूर्य पूर्ण मावळल्याशिवाय ती पश्चिमेकडे उचलायची नाही, आणि लहान मुलांच्या हातात तर तोवर द्यायचीच नाही. दुसरं म्हणजे फोकस आधी शुक्रावर किंवा चंद्रावर जुळवून घ्यायचा; फोकस बिघडलेला असेल तर बुध समोर असूनही विरघळून जातो. त्या दिवसांत शुक्राचीच बारीक कोर दुर्बिणीत दिसत होती, आणि खरं सांगायचं तर सोबतच्या मंडळींना बुधापेक्षा तीच जास्त आवडली. अंधार पडल्यावर वर वृषभेत गुरू, मिथुनेत मंगळ आणि अर्धा चंद्र. बुध गेल्यावर लगेच सामान आवरायची घाई करू नका.

पुढच्या बेतासाठी २०२६ च्या परम इनापगमाच्या तारखा: संध्याकाळी १९ फेब्रुवारी (१८ अंश), १५ जून (२४ अंश), १२ ऑक्टोबर (२५ अंश); पहाटे ३ एप्रिल (२८ अंश), २ ऑगस्ट (१९ अंश), २० नोव्हेंबर (२० अंश). हे आकडे बघून एप्रिल नाहीतर ऑक्टोबर निवडायचा मोह होतो, पण उत्तर गोलार्धात मध्यम अक्षांशांवर राहणाऱ्यांनी तो टाळावा. ग्रह सूर्यापासून किती लांब आहे यापेक्षा क्षितिजापासून किती वर आहे हे महत्त्वाचं. ग्रह ज्या क्रांतिवृत्ताच्या (सूर्याच्या आकाशातल्या वार्षिक वाटेच्या) आसपास फिरतात ते तिथून फेब्रुवारी-मार्चच्या संध्याकाळी पश्चिमेला ताठ उभं असतं, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या संध्याकाळी क्षितिजाला टेकल्यासारखं तिरपं. म्हणून तिथे फेब्रुवारीतला १८ अंशांचा बुध ऑक्टोबरमधल्या २५ अंशांच्या बुधापेक्षा उंच दिसतो. दक्षिण गोलार्धात याच्या नेमकं उलट, तिथल्यांना एप्रिलची पहाट आणि ऑक्टोबरची संध्याकाळ ही मेजवानीच. विषुववृत्ताच्या जवळ क्रांतिवृत्त वर्षभर बऱ्यापैकी ताठ असतं, त्यामुळे तिथे निवडीला जास्त वाव.

मंगळ, गुरू, शनी यांच्यासाठी एवढा खटाटोप लागत नाही. त्यांची प्रतियुती, म्हणजे ग्रह आकाशात सूर्याच्या बरोबर समोर येण्याची वेळ, कधी ते बघायचं. त्या सुमारास ग्रह सूर्यास्ताला उगवतो आणि रात्रभर दिसतो, पुढे दर महिन्याला साधारण दोन तास लवकर मावळत जातो. मंगळाचा वेग जास्त असल्याने त्याचा हिशोब थोडा लांबतो. शनीची प्रतियुती ४ ऑक्टोबर २०२६ ला आहे आणि मंगळाची १९ फेब्रुवारी २०२७ ला.

बुधासाठी निघताना मात्र सलग तीन-चार संध्याकाळी हाताशी ठेवा. डोक्यावर आकाश निरभ्र असलं तरी क्षितिजावर ढगांची एक पट्टी पुरते सगळं झाकायला. हवामानाच्या अंदाजात 'निरभ्र' लिहिलेलं असतं ते वरच्या आकाशाबद्दल, म्हणून पश्चिमेला शंभर-दोनशे किलोमीटर पलीकडे ढग आहेत का ते उपग्रहाच्या ताज्या छायाचित्रात बघा. परतीची वाट अंधारातच करावी लागते, तेव्हा टॉर्च आणि गरम कपडे बरोबर असू द्या, आणि गाडी तोंड रस्त्याकडे करूनच लावा.