टॅपेट कव्हरचं पॅकिंग घरीच बदललं, त्याचा अनुभव

गाडी जुनी आहे, चार सिलिंडरची पेट्रोल, आणि उन्हाळा लागल्यापासून सिग्नलला थांबलं की एसीच्या जाळीतून जळक्या ऑइलचा वास यायला लागला. त्यात अंबाजोगाईच्या रस्त्याला पिकअप घेताना इंजिन मिस मारायलं, म्हणजे मधूनच ठिणगी चुकून झटके द्यायलं. बॉनेट उघडून बघितलं तर टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाच्या, मागच्या कडेनं ऑइल पाझरून त्याच्यावर धूळ बसून काळा थर जमलेला, आणि तिथूनच थेंब खाली गरम एक्झॉस्टवर पडायलेत, म्हणून वास. गॅरेजवाल्यानं जेवढे पैसे सांगितले त्यात पार्टचे थोडे आणि मजुरीचेच जास्त, मग म्हणलं घरीच करू.

लातूरच्या एका स्पेअर पार्ट्सच्या दुकानातून किट आणलं. एक गोष्ट बघूनच घ्या, किटमध्ये फक्त कडेचं पॅकिंग नको, स्पार्क प्लग ज्या खोल भोकात बसतो त्या विहिरीभोवती बसणारे गोल सील पण पाहिजेत. माझी गाडी मिस मारायली होती ती ह्याच सीलमुळं. प्लगच्या डोक्यावर बसून ठिणगीचा करंट देणारी एक कॉइल उपसून काढली तर खालचं रबर ऑइलनं फुगून मऊ झालेलं. आणि हो, विहिरीत ऑइल साचलेलं असलं तर आधी ते कापडानं टिपून घ्या आणि मगच प्लग खोला, नाहीतर सगळं ऑइल सरळ सिलिंडरमध्ये.

उन्हाच्या आत उरकावं म्हणून सकाळी लवकर बसलो. इंजिन गार असताना बॅटरीचं निगेटिव्ह काढलं, मग कॉइलचे कनेक्टर. हे सगळ्यात नाजूक काम, वर्षानुवर्षं गरमी खाऊन त्या प्लास्टिकच्या लॉकचा जीव गेलेला असतो, ओढायचं नाही, दाबून हळूच सरकवायचं. हाताखाली शेजारचे मामा होते, म्हणजे खरं तर मीच त्यांच्या हाताखाली, त्यांची उमर ट्रॅक्टर खोलण्यात गेलेली. 10 च्या गोटी पान्यानं सगळे बोल्ट निघाले, कव्हर काही निघंना. मी स्क्रूड्रायव्हर उचलला तसे मामा म्हणाले, "ठेव तो खाली. चर पडली तर नवं पॅकिंग घालून बी गळंल." मग लाकडाच्या तुकड्यानं कडेकडेनं ठोकत सोडवलं. जुनं पॅकिंग वाळलेल्या कुरडईवानी कडाडा मोडायलं, खाचेतून तुकडे तुकडे करून काढावं लागलं.

खरा वेळ गेला तो साफसफाईत. आधी कुणीतरी पॅकिंग न बदलता वरून सगळीकडं सिलिकॉन फासून ठेवलेलं, त्याच्या लोंब्या आतल्या बाजूला लोंबायल्या होत्या. अशी एखादी तुटून खालच्या ऑइलच्या चेंबरमध्ये गेली आणि ऑइल पंपाच्या जाळीत अडकली तर इंजिनाला ऑइलच मिळायचं नाही, हजार रुपये वाचवायच्या नादात इंजिनच बसंल. म्हणून आत कॅमशाफ्टवर स्वच्छ कापड अंथरलं, प्लास्टिकच्या पट्टीनं सगळं खरवडलं आणि ब्रेक क्लीनर कापडावर मारून दोन्ही कडा पुसल्या. पॉलिश पेपर घासायचा नाही, त्याची रेती आत पडती. सुताचा गोळा पण नको, धागे सुटतात, जुनं बनियन बेस्ट. बरेच जण इंजिनवर सरळ पाइप धरतात, तसलं तर करूच नका, सेन्सर आणि कनेक्टरमध्ये पाणी जातं. आणि तसंही 2016 ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलेलं आपलं गाव, इंजिन धुवायला पाणी कोण घालवतंय.

नवं पॅकिंग खाचेत कोरडंच बसवलं. सिलिकॉन फक्त कोपऱ्यात, जिथं समोरचं टायमिंग कव्हर (टायमिंग चेनवरचं झाकण) इंजिनाच्या हेडला मिळतं तिथं, आणि तिथं पण हरभऱ्याएवढंच. लावलं की कव्हर लगेच सरळ वरून ठेवायचं, सरकवायचं नाही. मग बोल्ट. सगळे आधी हातानं, नंतर मधून सुरू करून आलटून पालटून बाहेरच्या बाजूला, दोन टप्प्यात. असल्या 6 एमएमच्या बोल्टचा टॉर्क, म्हणजे आवळायचा जोर, बहुतेक गाड्यांना 8 ते 11 न्यूटन मीटरच्या मधी असतो, म्हणजे फारच कमी, तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमधून घ्या. मी ओळखीच्याकडून टॉर्क पाना आणला होता तरी मामांचं चालूच, "लई आवळू नको रे, अल्युमिनियम हाय, आटे जातील." लई आवळलं की पॅकिंग चेमटून उलट जास्तच गळतं हे पण खरंय.

आता एक गोष्ट, जी गॅरेजमध्ये सहसा कुणी सांगत नाही. कव्हरवर पीसीव्ही व्हॉल्व्ह असतो, इंजिनातला गॅस तो इनटेककडं, म्हणजे इंजिन हवा ओढतं त्या बाजूला, सोडतो. तो काजळीनं जाम झाला की आत प्रेशर वाढतं आणि ऑइल जिथं जागा मिळंल तिथून बाहेर निघतं. काढून हलवला, तर आतली गोळी वाजायला पाहिजे ती वाजंचना. बदलून टाकला, फार महाग नाही. हा तसाच ठेवला असता तर नवं पॅकिंग पण थोड्या दिवसांत पाझरायला लागलं असतं.

सिलिकॉन सुकायला गाडी दुसऱ्या दिवसापर्यंत उभीच ठेवली. स्टार्ट केल्यावर सुरुवातीला धूर आणि वास आला, तो एक्झॉस्टवर आधीचं सांडलेलं ऑइल जळायचा, घाबरू नका, चालवलं की जातो. डिपस्टिक बघून ऑइल थोडं टॉपअप केलं. मिस मारणं बंद झालंय, फुगलेलं कॉइलचं रबर पण त्याच वेळी बदललं होतं. कव्हरच्या मागच्या कडेला अधूनमधून पांढरा टिश्यू फिरवून बघतो, सध्या कोरडा निघायलाय.