पडद्यावर पान उघडण्याआधी

ज्वालामुखींवरचा एक चांगला लेख मी एकदा वर्गात प्रोजेक्टरवर उघडला होता. मॅग्मामध्ये सिलिकाचे प्रमाण जितके जास्त, तितका तो घट्ट, आणि तो जितका घट्ट, तितका आत कोंडलेला वायू स्फोटाने बाहेर पडण्याची शक्यता अधिक, हा मुद्दा त्या लेखात फार सुंदर उलगडला होता. तासानंतर वह्या पाहिल्या, तेव्हा तीन मुलांनी पानाच्या उजव्या पट्टीतील एका वेगळ्याच बातमीचा मथळा लेखाचाच भाग समजून उतरवून घेतलेला आढळला. चूक मुलांची नव्हती. लेख आणि त्याच्या भोवतीचा बाजार एकाच पडद्यावर, एकाच आकाराच्या अक्षरांत मीच त्यांच्यासमोर ठेवला होता. फळ्यावर लिहिताना आपण आधीच्या तासाचे पुसून घेतो, वेबपानाच्या बाबतीत मात्र ते पुसण्याचे काम मला कधी सुचलेच नव्हते.

तेव्हापासून वर्गासाठी ब्राउझरला जोडायचे एखादे छोटे साधन, म्हणजे एक्स्टेंशन किंवा अ‍ॅड-ऑन निवडताना मी पहिला प्रश्न हाच विचारते की ते पानावरून काय काढून टाकते. नव्या सुविधा देणाऱ्या साधनांची जाहिरात मोठी असते. टाळ्या वाजवणारी प्रश्नमंजूषा, पडद्यावर फिरणारे घड्याळ, रंगीत बाण, हे सर्व मी वापरून पाहिले आहे. त्यांतील बहुतेक साधने मुलांचे लक्ष विषयाकडे नव्हे, तर स्वतःकडे ओढून घेतात असा माझा अनुभव आहे. शिक्षकाला ब्राउझरचा खरा उपयोग होतो तो नको असलेले बाजूला सारण्यासाठी.

यासाठी अनेकदा एक्स्टेंशनचीसुद्धा गरज नसते. फायरफॉक्स आणि सफारी या ब्राउझरांत वाचनदृश्य मुळातच असते. सफारीत ते २०१० पासून आहे. एका कळीसरशी जाहिराती, पट्ट्या आणि मेनू नाहीसे होऊन केवळ मजकूर उरतो, आणि अक्षरे मागच्या बाकापर्यंत दिसतील इतकी मोठी करता येतात. मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरमधील वाचनदृश्यात एका वेळी एक, तीन किंवा पाचच ओळी उजळ ठेवण्याची सोय आहे. वाचताना ज्यांची ओळ वारंवार सुटते, अशा मुलांना तिचा किती आधार वाटतो हे मी जवळून पाहिले आहे. मात्र वाचनदृश्य कधीकधी तक्ते, चित्रांखालच्या ओळी आणि गणिती सूत्रेही गाळून टाकते, त्यामुळे तासाआधी ते पान एकदा त्या रूपात पाहून घेणे आवश्यक आहे. शिवाय हा लेख कोणी लिहिला, कोणत्या संस्थेच्या संकेतस्थळावर आहे, त्याभोवती कशाच्या जाहिराती आहेत, हेच शिकवायचे असेल, तर ते पान स्वच्छ करता कामा नये. त्या दिवशी तो सगळा पसाराच आपला पाठ असतो.

एक्स्टेंशनांपैकी मला सर्वाधिक उपयोगी पडले ते यूब्लॉक ओरिजिन. जाहिराती अडवणे हे त्याचे मुख्य काम, पण त्यातील विजेच्या चिन्हाची एक कळ माझ्या विशेष आवडीची आहे. ती दाबून पानावरील कोणत्याही भागावर क्लिक केले, की तो भाग तात्पुरता नाहीसा होतो आणि पान पुन्हा लोड केले की परत येतो. एखाद्या आलेखाचे शीर्षक आणि अक्षांवरील नावे मी अशी काढून टाकते आणि हा आलेख कशाचा असू शकेल, असे वर्गाला विचारते. वर्षभराच्या तापमानाचा आलेख पाहून मुले लोकसंख्येपासून पावसापर्यंत अनेक अंदाज बांधतात आणि प्रत्येक अंदाजासाठी त्यांना कारण द्यावे लागते. बारा बिंदू आहेत म्हणजे महिने असावेत, रेष मध्ये चढून पुन्हा मूळ पातळीवर येते म्हणजे काहीतरी ऋतूंप्रमाणे बदलत असावे, अशी वाक्ये तेव्हा ऐकू येतात. शीर्षक समोर असताना हाच आलेख मुले काही क्षणांत वाचून सोडून देत असत. शीर्षक चित्रातच मिसळलेले असेल, तर मात्र ही युक्ती चालत नाही. तेव्हा मी चित्राची कापलेली प्रत आधीच तयार ठेवते.

गूगलच्या क्रोम ब्राउझरने एक्स्टेंशनांसाठीचे नियम बदलल्यामुळे मूळ यूब्लॉक ओरिजिन आता त्यात चालत नाही. त्याची लाइट आवृत्ती मिळते, पण तिची क्षमता मर्यादित आहे. फायरफॉक्समध्ये मूळ आवृत्ती चालते, म्हणून वर्गातील संगणकावर मी फायरफॉक्स वापरते. जाहिराती अडवल्याने संकेतस्थळांचे उत्पन्न बुडते, ही गोष्ट मला टोचते. ज्या स्थळांवरून मी नेहमी शिकवते, त्यांच्यासाठी घरच्या संगणकावर मी हे अडवणे बंद ठेवते.

चित्रफितींच्या बाबतीतही हेच. यूट्यूबवरील शिफारशींची पट्टी लपवणारे अनहुक हे एक्स्टेंशन मी वापरते, जेणेकरून फीत संपताच पुढच्या करमणुकीची रांग मुलांसमोर उभी राहत नाही. पण माझा सर्वांत आनंदाचा तास घडला तो यूट्यूबच्या अंगच्याच एका सोयीमुळे. फीत थांबवून पूर्णविरामाची कळ दाबली, तर चित्र एक चौकट (फ्रेम) पुढे सरकते आणि स्वल्पविरामाची कळ दाबली, तर एक चौकट मागे. खाली पडणाऱ्या चेंडूची, पट्टीसमोर चित्रित केलेली फीत अशी एकेक चौकट पुढे नेत मुलांनी प्रत्येक चौकटीतील चेंडूची जागा नोंदवली. सलग चौकटींमधील अंतरे १, ३, ५, ७ या प्रमाणात येतील असे मी आधी सांगितले होते, पण ती तशी आली नाहीत, कारण चेंडू सुटण्याचा क्षण नेमका चौकटीवर पडलेला नव्हता. मग एका मुलीने अंतरांमधील फरक काढून पाहिले, तर ते मोजमापातील चूक धरूनही जवळपास सारखेच होते. सेकंदाला ३० चौकटी असतील, तर हा फरक सुमारे १.१ सेंटिमीटर यायला हवा, आणि तेवढाच तो येत होता. गुरुत्वीय त्वरण स्थिर असते म्हणजे काय, हे पुस्तकातील वाक्य त्या दिवशी मुलांच्या वहीत आकड्यांच्या रूपाने उतरले. फीत संथ गतीने चित्रित केलेली असेल, तर सेंटिमीटरचा हिशेब चुकतो, फरक मात्र तरीही सारखेच राहतात. तोही प्रश्न मुलांनीच काढला.

याहून वेगळा, पण माझ्या मते प्रत्येक वर्गात व्हावा असा एक प्रयोग आहे. हवामानाचे पान उघडायचे, तापमानाच्या आकड्यावर माउसची उजवी कळ दाबून इन्स्पेक्ट हा पानामागचा कोड दाखवणारा पर्याय निवडायचा आणि सर्वांसमोर २८ च्या जागी ५८ लिहायचे. पान जसेच्या तसे दिसते, वर पत्ताही खराच असतो, केवळ आकडा खोटा. त्या पानाचा स्क्रीनशॉट घेऊन मग पान पुन्हा लोड केले, की २८ परत येतो, आणि हाती उरतो तो खोटा पुरावा. वर्गात एकदम शांतता पसरते. स्क्रीनशॉट म्हणजे पुरावा नव्हे, हे दहा वेळा सांगून जे पोचत नाही, ते येथे काही मिनिटांत पोचते. मग खरे काय हे कसे शोधायचे, याकडे वळता येते. सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू या संशोधकांनी २०१७ मध्ये इतिहासतज्ज्ञ, तथ्यतपासनीस आणि विद्यापीठातील विद्यार्थी संकेतस्थळांची पारख कशी करतात, याचा अभ्यास मांडला. तथ्यतपासनीस त्या पानावर रेंगाळत नव्हते. ते लगेच नवे टॅब उघडून त्या स्थळाविषयी इतर काय म्हणतात ते पाहत होते. मुलांना मी हीच सवय लावते. पान पूर्वी कसे होते हे पाहायचे असल्यास इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनचे एक्स्टेंशन हाताशी असते.

आता परवानग्यांविषयी, कारण येथे आपण शिक्षक फार भोळेपणाने वागतो. एक्स्टेंशन बसवताना ‘सर्व संकेतस्थळांवरील तुमचा सर्व डेटा वाचणे आणि बदलणे’ अशी परवानगी मागितली जाते आणि आपण ती घाईत देऊन टाकतो. त्याच ब्राउझरमध्ये आपण मुलांचे गुण भरतो, पालकांचे ईमेल वाचतो. एखादे एक्स्टेंशन आज विश्वासार्ह आहे, म्हणून ते उद्याही तसेच राहील असे नाही. वापरात नसलेले टॅब झोपवून ठेवणारे द ग्रेट सस्पेंडर अनेकांच्या भरवशाचे होते. २०२० मध्ये ते नव्या मालकाकडे गेले आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलने ते घातक ठरवून बंद केले. माझ्याकडचे पडद्याचे चित्र टिपणारे एक छोटे एक्स्टेंशनही असेच एका सुधारणेनंतर शोधाच्या निकालांत स्वतःच्या जाहिराती घुसवू लागले होते, आणि हे मला कळले ते भर वर्गात, मुलांनी दाखवल्यावर.

म्हणून मी ब्राउझरमध्ये दोन प्रोफाइल, म्हणजे एकमेकांपासून वेगळे राहणारे दोन कप्पे, केली आहेत. शिकवण्याच्या प्रोफाइलमध्ये एक्स्टेंशने आहेत, पण गुणपत्रके, ईमेल किंवा बँक यांपैकी काहीही तेथे उघडत नाही. कामाच्या प्रोफाइलमध्ये एकही एक्स्टेंशन नाही. ज्या एक्स्टेंशनांना सर्वत्र वावरण्याची गरज नाही, त्यांना केवळ क्लिक केल्यावरच चालण्याची परवानगी देते. मुलांना खाते काढायला लावणारे साधन पालकांना विचारल्याशिवाय आणि शाळेला कळवल्याशिवाय मी वर्गात आणत नाही, मग ते कितीही उपयुक्त असो.

मुलांचे काम कोणत्याही साधनाच्या आत अडकू न देण्याचीही मी काळजी घेते. वेबपानांवर हलती चित्रे आणि खेळ चालवणारे फ्लॅश २०२० च्या अखेरीस संपले, गूगलचा डिजिटल फळा जॅमबोर्ड २०२४ च्या अखेरीस, लेख नंतर वाचण्यासाठी साठवणारे पॉकेट जुलै २०२५ मध्ये. जॅमबोर्डवर माझ्या दोन वर्गांच्या चिकटचिठ्ठ्या होत्या आणि त्या उतरवून घेण्यात माझी एक पूर्ण सुट्टी गेली. आता प्रत्येक घटक संपला की मुलांचे काम पीडीएफ करून फोल्डरमध्ये ठेवते, आणि सत्र सुरू होण्याच्या आदल्या रविवारी एक्स्टेंशनांची यादी उघडून गेल्या सत्रात जे एकदाही वापरले नाही ते काढून टाकते. या वेळी नऊंपैकी चार उरली आहेत.